आधी हिशेब, मग योजना : मराठवाड्यातील नवउद्योजिकांसाठी भांडवलाची वाट

जिल्हा उद्योग केंद्रात किंवा पंचायत समितीतील 'उमेद'च्या, म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, कक्षात पहिल्यांदा येणाऱ्या महिलेचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "महिलांसाठी सबसिडी किती आहे?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण सुरुवात इथून केली की वाट चुकते. ३५ टक्के अनुदान आहे हे कळताच दोन लाखांत भागणारे काम कागदावर दहा लाखांचे होते. पुढे अनुदान बँकेत ठेवीच्या रूपाने पडून राहते आणि हप्ते मात्र ठरल्या तारखेला सुरू होतात. म्हणून या लेखात योजनांची यादी उशिरा येईल. त्याआधी दोन कामे घरी बसूनच करायची आहेत.

पहिली पायरी : नेमके किती पैसे लागतात?

एक वही घ्या आणि खर्चाचे दोन भाग करा. पहिल्या भागात एकदाच होणारा खर्च येतो : यंत्र, वीजजोडणी, शेडची दुरुस्ती, वजनकाटा, पाकीट बंद करण्याचे मशीन. या वस्तूंची कोटेशन्स किमान दोन विक्रेत्यांकडून घ्या, कारण बँकही तीच मागते. दुसऱ्या भागात कच्चा माल, मजुरी, वीजबिल, वाहतूक आणि ग्राहकाकडे अडकणारी उधारी येते. यालाच खेळते भांडवल म्हणतात, आणि नवख्या उद्योजिकेचा हिशेब नेमका इथेच कोसळतो.

मराठवाड्यात या दुसऱ्या भागाचे वजन अधिक आहे. तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, चिंच उन्हाळ्याच्या तोंडावर, सीताफळ पावसाळा सरताना. वर्षभर पुरेल एवढा माल हंगामात रोखीने घ्यावा लागतो, तर त्यापासून झालेली डाळ, पल्प किंवा चिंचेचा कोळ हळूहळू, बारा महिन्यांत विकला जातो. म्हणजे यंत्र कर्जातून आले तरी माल घ्यायला पैसे नसतील, तर ते यंत्र पहिल्याच वर्षी झाकून ठेवावे लागते. पाण्याचाही हिशेब यातच धरा. बीड किंवा धाराशिवच्या अनेक गावांत एप्रिल-मे महिन्यांत टँकर विकत घ्यावा लागतो, आणि अन्नप्रक्रियेच्या उद्योगात तो खर्च लहान नसतो. वहीत दर महिन्याची विक्री वेगवेगळी लिहा. वर्षाच्या विक्रीला बाराने भागून मिळालेला आकडा आपल्या भागात फसवा ठरतो.

दुसरी पायरी : नाव आणि कागद

आधार कार्डावर सासरचे नाव, पॅन कार्डावर माहेरचे आणि आठवीच्या किंवा दहावीच्या गुणपत्रकावर तिसरेच, ही स्थिती इतकी सर्रास आढळते की अर्ज रेंगाळण्याचे ते एक मोठे कारण ठरले आहे. अर्ज करण्यापूर्वी आधार, पॅन आणि बँक खाते या तिन्ही ठिकाणी एकच नाव करून घ्या, आणि शाळेच्या कागदांवरील जुन्या नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत जवळ ठेवा.

जागा पतीच्या, दिराच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असणे हाही नेहमीचाच प्रकार आहे. त्यामुळे अडून राहण्याचे कारण नाही. जागामालकाशी केलेला भाडेकरार किंवा संमतिपत्र, ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ आणि ना-हरकत प्रमाणपत्र यांवर काम भागते. करारावर तारीख आणि मुदत मात्र नीट लिहून घ्या. कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी काळाचा करार बँक सहसा मान्य करत नाही.

यानंतर उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी हीच नोंदणी चालते. आधार आणि पॅन यांवर ती ऑनलाइन होते आणि पूर्णपणे मोफत आहे. सेवा केंद्राच्या चालकाने अर्ज भरून देण्याची मेहनत म्हणून पन्नास-शंभर रुपये घेतले तर समजता येते, पण 'सरकारी फी' म्हणून दोन हजार मागितले तर तिथून उठावे. खाद्यपदार्थ बनवणार असाल, तर अन्नसुरक्षा नोंदणी, म्हणजे लोकांच्या भाषेत फूड लायसन्स, याच टप्प्यावर काढा.

शेवटी आपला सीबिल अहवाल, म्हणजे आपल्या नावावरील कर्जांची आणि त्यांच्या परतफेडीची नोंद, पाहा. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शेजारणीसाठी जामीन राहिलेले कर्ज किंवा घरच्यांनी तुमच्या नावावर घेतलेल्या मोबाइलचे थकलेले हप्ते पुष्कळदा इथेच पहिल्यांदा उघड होतात.

तिसरी पायरी : रकमेप्रमाणे वाट निवडणे

गरज पन्नास हजारांच्या आत असेल आणि गावात बचत गट चालू असेल, तर गटाची वाट सर्वांत जवळची आहे. 'उमेद' अभियानातील गट किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाचा, म्हणजे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या 'माविम'चा गट, दोन्ही चालतात. गटाला आधी फिरता निधी मिळतो, ग्रामसंघामार्फत, म्हणजे गावातील गटांच्या संघामार्फत, समुदाय गुंतवणूक निधी मिळतो आणि त्यानंतर बँकेचे कर्ज. साधारण सहा महिने नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशेबवह्या ही पंचसूत्री पाळलेला गट बँक कर्जाला पात्र ठरतो. पहिले कर्ज गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते द्यावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. १० लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागता येत नाही. आणि राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील ('उमेद' हे त्याचेच राज्यातील रूप) गटांना ३ लाखांपर्यंतचे कर्ज ७ टक्के व्याजाने देण्याची तरतूद झालेली आहे. खासगी फायनान्सच्या व्याजाशी हे आकडे एकदा ताडून पाहावेत.

अडचण वेगळीच आहे. गटाला दीड लाख आले की ते दहा-बारा जणींत सारखे वाटले जातात, प्रत्येकीच्या वाट्याला बारा-पंधरा हजार येतात आणि ते शाळेच्या फीत किंवा दवाखान्यात जातात. यात गैर काही नाही, पण उद्योग उभा राहत नाही. ज्या दोघी-तिघींना खरोखर धंदा करायचा आहे, त्यांनी कर्जाचा अर्ज जाण्याआधीच्या बैठकीत आपली गरज मांडून ती कर्ज आराखड्यात आणि ठरावात नोंदवून घ्यावी. सीआरपी ताईंना, म्हणजे गटांना मार्गदर्शन करणाऱ्या समुदाय संसाधन व्यक्तीला, हे आधी सांगून ठेवले, तर बैठकीत विषय नीट निघतो.

गट नसेल किंवा स्वतंत्र कर्ज हवे असेल, तर मुद्रा. एप्रिल २०१५ पासून चालू असलेल्या या योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत आणि तरुणमध्ये १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. तरुण गटातील कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांसाठी २०२४ पासून २० लाखांपर्यंतचा 'तरुण प्लस' गट सुरू झाला आहे. व्यापार, सेवा, उत्पादन आणि दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन यांसारखे शेतीपूरक व्यवसाय सारे यात बसतात. मुद्रेत अनुदान मात्र नाही. "मुद्रात निम्मे माफ होते" हे वाक्य बाजारात ऐकू येते. ते खोटे आहे आणि त्यावर विसंबलेल्या अनेकींचे सीबिल त्यापायी बिघडलेले आहे.

उत्पादनाचा नवा उद्योग असेल आणि गरज काही लाखांची असेल, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, पाहावा. उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाख ही प्रकल्पाची कमाल मर्यादा आहे. महिला विशेष प्रवर्गात मोडतात, त्यामुळे स्वतःचा वाटा केवळ ५ टक्के, आणि अनुदान ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के. उत्पादनात १० लाखांपुढील आणि सेवेत ५ लाखांपुढील प्रकल्पाला किमान आठवी उत्तीर्ण असावे लागते. आधीपासून चालू असलेला उद्योग यात बसत नाही, जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही आणि एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. पतीने पूर्वी याच योजनेतून कर्ज घेतले असेल, तर हा दरवाजा बंद आहे.

या योजनेत अनुदान कसे मिळते हे उदाहरणाने समजून घेऊ. समजा, औसा तालुक्यातील एका गावात ६ लाखांची छोटी डाळ मिल उभारायची आहे. स्वतःचे ३० हजार, बँकेचे ५ लाख ७० हजार. ३५ टक्क्यांनी अनुदान होते २ लाख १० हजार. ही रक्कम हातात येत नाही. उद्योजिकेच्या नावे बँकेत तीन वर्षे बिनव्याजी ठेव म्हणून राहते, आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनंतर अधिकारी प्रत्यक्ष येऊन उद्योग चालू असल्याची खात्री करतात आणि मगच ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे खरा बोजा ३ लाख ६० हजारांचा. व्याज ११ टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली, तर त्याचा मासिक हप्ता सुमारे ७,८०० रुपये येतो. पण दुसऱ्या वर्षी मिल बंद पडली तर अनुदान परत जाते, आणि उरलेल्या सगळ्या कर्जाचा भार तुमच्यावर येतो. म्हणून हिशेब असा करावा : वीज, मजुरी आणि घरखर्चाचे पैसे बाजूला काढून, मंदीच्या महिन्यातही मिलमधून आठ हजार उरतात का? उत्तर 'नाही' असेल, तर प्रकल्प लहान करा किंवा आधी वर्षभर भाड्याच्या मिलवर काम करून गिऱ्हाईक जमवा. हे दुसरे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

राज्य सरकारचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, सीएमईजीपी, २०१९ पासून चालतो आणि त्याची रचना बरीचशी अशीच आहे. दोन्हींचे अर्ज जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी ग्रामोद्योग मंडळाकडे जातात, मात्र एकाच उद्योगासाठी दोन्हींचा लाभ घेता येत नाही. जिल्ह्याचे कोणत्या योजनेतील उद्दिष्ट, म्हणजे वर्षभरात मंजूर करायच्या प्रकरणांची संख्या, शिल्लक आहे, हे कार्यालयात थेट विचारावे. ज्यात शिल्लक आहे त्यात काम लवकर होते.

खाद्यपदार्थांच्या उद्योगासाठी याहून सोयीची योजना म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, पीएमएफएमई. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत यंत्रसामग्रीच्या पात्र खर्चावर ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे आणि स्वतःचा वाटा किमान १० टक्के. चालू असलेल्या उद्योगाचा विस्तारही यात बसतो, हा पीएमईजीपीपेक्षा मोठा फायदा. अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटातील सदस्यांना खेळते भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. शेवया, पापड, कुरडया, मसाले आधीच करणाऱ्या गटांनी ते सोडू नये. महाराष्ट्रात ही योजना कृषी विभाग राबवतो. प्रकल्प अहवालापासून बँकेपर्यंत मदत करण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात आणि त्यांचे मानधन योजनेतूनच निघते, त्यामुळे त्यांना वेगळे पैसे द्यायचे नसतात. आपल्या भागात भौगोलिक मानांकन मिळालेला माल भरपूर आहे : वसमतची हळद, जालन्याची मोसंबी आणि दगडी ज्वारी, बीडचे सीताफळ, कुंथलगिरीचा खवा, पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ. अशा मालावर आधारलेला प्रकल्प बँकेत समजावून सांगायला सोपा जातो, कारण शाखाधिकाऱ्यालाही कच्चा माल कुठून येणार हे सांगावे लागत नाही.

पीएमईजीपी आणि पीएमएफएमई या दोन्हींची मंजूर मुदत २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. मुदतवाढ किंवा नव्या अटी काय आहेत हे अर्जाच्या दिवशी अधिकृत पोर्टलवर पाहूनच पुढे जावे. स्टँड अप इंडिया योजनेची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली आहे, तरी काही शाखांत तिचे जुने फलक अजून लटकलेले दिसतात. मोठ्या कर्जासाठी तारण नसेल, तर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या पतहमी निधीतून हमी मिळते, आणि महिलांच्या उद्योगांना त्यात जास्त प्रमाणात, ९० टक्क्यांपर्यंत, संरक्षण आहे. शाखेत 'सीजीटीएमएसई कव्हर' हा शब्द वापरून विचारा.

याशिवाय समाजघटकांनुसार महामंडळे आहेत : अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ, महात्मा फुले, अण्णाभाऊ साठे, वसंतराव नाईक, मौलाना आझाद, शबरी आणि इतर मागासवर्गीयांचे महामंडळ. यांतील व्याज परतावा योजनांचे सूत्र नीट लक्षात घ्यावे. आधी महामंडळाच्या पोर्टलवरून पात्रता प्रमाणपत्र काढायचे, मग बँकेचे कर्ज घ्यायचे, हप्ता वेळेवर भरायचा आणि त्यातील व्याज नंतर महामंडळ खात्यात जमा करते. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या वैयक्तिक योजनेत १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेचार लाखांच्या मर्यादेत व्याज परत मिळते. हप्ता थकला की परतावा थांबतो. कर्ज आधी घेऊन प्रमाणपत्रासाठी नंतर धावणाऱ्या महिलांची निराशा होते.

दोन योजना विशिष्ट कामासाठी आहेत. वेरूळ, अजिंठा, पैठण, तुळजापूर, औंढा नागनाथ, परळी, माहूर या परिसरात निवास, भोजनालय, सहल किंवा हस्तकला विक्री असा पर्यटनाशी निगडित व्यवसाय करणाऱ्या महिलांसाठी पर्यटन संचालनालयाची 'आई' योजना आहे. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याज, सात वर्षे किंवा साडेचार लाख रुपयांच्या मर्यादेत, शासन परत करते. आणि ज्यांचा स्टार्टअप नोंदणीकृत आहे, त्यात महिला संस्थापिकेचा किमान ५१ टक्के हिस्सा आहे, वर्षभर काम चाललेले आहे आणि वार्षिक उलाढाल १० लाख ते १ कोटी यांच्या दरम्यान आहे, त्यांच्यासाठी २०२४ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना आली. तिच्यातून १ ते २५ लाखांचे एकवेळ अर्थसाहाय्य मिळते. छत्रपती संभाजीनगरचे 'मॅजिक' हे उद्भवन (इन्क्युबेशन) केंद्र अशा स्टार्टअपना मार्गदर्शन करते.

चौथी पायरी : प्रशिक्षण आणि प्रकल्प अहवाल

प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेने चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, आहे. प्रशिक्षण, राहणे आणि जेवण तिथे मोफत असते. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्यालय तर छत्रपती संभाजीनगरातच आहे. प्रमाणपत्र अनुदानासाठी लागते हे खरे, परंतु प्रशिक्षणाचा मोठा उपयोग असा की तिथे बँक अधिकारी येतात, ओळख होते, आणि पुढे शाखेत गेल्यावर आपण अनोळखी राहत नाही.

प्रकल्प अहवाल सीएकडून जरूर करून घ्या, मात्र आकडे तुमच्या वहीतलेच असू द्या. शाखाधिकारी सहसा तीन-चार साधे प्रश्न विचारतात : माल कुठून आणणार, कुणाला विकणार, महिन्याला किती उरेल, मंदीत हप्ता कशातून भरणार? पती शेजारी बसून उत्तरे देत असतील, तर धंदा नावापुरता महिलेचा आहे अशी शंका अधिकाऱ्याला येते, आणि ती अनेकदा खरीही असते. केवळ अनुदानासाठी तुमचे नाव लावले जात असेल, तर फेडीची जबाबदारी आणि थकबाकीचा डाग तुमच्याच नावावर राहणार, हे सही करण्यापूर्वी घरात स्पष्ट बोलून घ्यावे.

पाचवी पायरी : कोणत्या शाखेत आणि कधी

आपले गाव ज्या शाखेला दत्तक, म्हणजे शासकीय योजनांसाठी नेमून दिलेले, आहे, तिथेच अर्ज करा. दुसऱ्या शाखा शासकीय योजनेचा अर्ज सहसा परत पाठवतात. खेड्यापाड्यांत हे काम बहुधा राष्ट्रीयीकृत बँकेची किंवा महाराष्ट्र ग्रामीण बँकेची शाखा करते. मे ते जुलै या काळात शाखा पीक कर्जाच्या गर्दीत असते आणि मार्चमध्ये वसुलीत. ऑगस्ट ते डिसेंबर हा अर्ज पुढे सरकण्याचा चांगला काळ. कर्ज मंजूर होताना मुदत कर्जासोबत खेळत्या भांडवलाची कॅश क्रेडिट मर्यादाही (लागेल तसे पैसे काढायची आणि भरायची सोय) मागा, आणि उद्योग हंगामी असेल तर हप्ते त्या हंगामानुसार ठरवण्याची लेखी विनंती करा.

कर्ज मिळेपर्यंत दम निघत नाही म्हणून गावात येणाऱ्या मायक्रोफायनान्सकडून पैसे उचलण्याचा मोह होतो. २०२२ च्या नियमांनुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, आणि अशा कर्जाची मुदतपूर्व परतफेड केल्यास दंड लावता येत नाही. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून उचल घेण्याची वेळ आली असेल, तर नवे कर्ज कोणत्याही योजनेतून घेऊ नका. आधी जुने मिटवा.

दलालांबाबत एवढेच, की पीएमईजीपीसाठी कोणताही मध्यस्थ नेमलेला नाही, असे ही योजना राबवणाऱ्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने वारंवार जाहीर केले आहे. टक्केवारी मागणारा माणूस कार्यालयातल्या कुणाचेही नाव घेत असला, तरी त्याच्या हाती मूळ कागद देऊ नका.

अर्ज नाकारला तर

तोंडी नकार घेऊन परतू नका. नाकारण्याचे कारण लेखी मागा आणि अर्जाची पोच, ऑनलाइन अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. कारण दुरुस्त होण्यासारखे असेल, उदाहरणार्थ कोटेशन जुने झाले, करार अपुरा आहे, तर दुरुस्ती करून त्याच शाखेत पुन्हा जा. १० लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योग कर्जाला तारण नाही म्हणून नकार मिळाला असेल, तर अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांकडे अर्ज करा आणि त्याची प्रत जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांना द्या. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर त्याबाबत माहिती मिळते.